पिस्तुलावरची वेल

"माझं नाही ते," फोटोकडे न बघताच दॉन क्रेसेन्सिओ म्हणाले.

वकील नोएमी बारागानबाईंनी उसासा टाकला. या आठवड्यातली ही तिसरी खेप. राजधानीतून आमोसोकपर्यंत बसचे धक्के खायचे, धातूवर नक्षी कोरणाऱ्या या म्हाताऱ्याच्या कामाच्या फळीसमोर स्टुलावर बसायचं आणि हेच उत्तर ऐकून परत फिरायचं. त्यांनी पायातले बूट जरा सैल केले आणि फोटो पुन्हा पुढे सरकवला.

"एकदा बघा तरी, दॉन क्रेसेन्सिओ. बघायला काय जातंय?"

फोटोत पिस्तूल होतं. चांदीचं काम केलेलं. मुठीवर रुंद टोपीवाला घोडेस्वार आणि नळीवर डेलियाच्या फुलांची वेल. सीमेपलीकडची एक कंपनी अशी पिस्तुलं बनवायची. तिकडे ती दुकानात राजरोस विकली जायची आणि गाडीच्या सीटखाली लपून इकडे यायची. इकडे अख्ख्या देशात बंदुकीची कायदेशीर दुकानं दोन, तीही लष्कराची. पण हे पिस्तूल हव्या त्या गुंडाच्या कमरेला दिसायचं. या पिस्तुलानं ज्यांची माणसं मारली, अशा एकतीस बायकांनी कंपनीवर दावा लावला होता. कंपनी हात झटकून मोकळी झाली होती. आम्ही आमच्या देशात विकतो, पुढे कोण कुठे नेतं ते आम्हाला काय ठाऊक! सोमवारी सुनावणी होती. ही वेल इथल्या कारागिराकडून, इथल्याच गिऱ्हाइकांसाठी काढून घेतली, असं सांगणारा माणूस मिळाला नाही, तर दावा फेटाळला जाणार होता.

आतून दॉन क्रेसेन्सिओंची मुलगी आम्पारो दालचिनीची कॉफी घेऊन आली. तिचा नवरा रुतिलिओ पावाची गाडी चालवायचा. चार वर्षांपूर्वी पेट्रोलपंपावर भांडण दुसऱ्यांचं झालं आणि गोळी याला लागली. तेव्हापासून ती बापाकडेच होती. तिनं पेले ठेवले, फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि आत गेली. ती जाईपर्यंत म्हाताऱ्याची छिन्नी थांबली होती.

"फुलं काय, कोणीही काढतं," ते म्हणाले. "आमच्या गावात पोरं चालायच्या आधी फुलं काढतात."

"कंपनीचंही तेच म्हणणं आहे." वकीलबाईंनी कपाळ चोळलं. "त्यांनी तसं लिहून दिलंय. त्यांच्या पगारी चित्रकारानं काढली म्हणे ही वेल. कोणी डॅनी म्हणून आहे. पुस्तकात बघून, दोन दुपारांत."

"दोन दुपारांत?"

"असं लिहिलंय."

"डॅनीनं?" म्हाताऱ्यानं फोटो ओढूनच घेतला. "अहो, त्या डॅनीच्या बापाला तरी जमेल का हे! अडीच महिने घातलेत मी या वेलीत, अडीच! हे बघा, हे तिसरं फूल. एक पाकळी कमी आहे की नाही? आमच्याकडचा उस्ताद प्रत्येक कामात एक पाकळी सोडतो. पुरं काम फक्त देवाचं. आज्यानं सोडली, बापानं सोडली, मीही सोडली. आणि ती गाढवं! त्यांना पत्तासुद्धा नाही. जशीच्या तशी कोरत बसलीत हजारो पिस्तुलांवर. म्हणे डॅनी!"

मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसत राहिले.

वकीलबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. फार थकल्या होत्या, आणि समोरच्या माणसाची दयाही येत होती.

"अकरा वर्षं झाली," दॉन क्रेसेन्सिओ आवाज उतरवून म्हणाले. "चकचकीत बूट घातलेला एक जण आला. म्हणाला, श्रीमंतांनी कपाटात मांडून ठेवायची पिस्तुलं करतोय. कंपनीचं पत्रही होतं. 'तुमच्या देशातल्या मर्दांना बघताक्षणी कमरेला लावावंसं वाटेल, असं काढा.' काय मिरवलं मी ते पत्र! भिंतीला लावलं होतं. रुतिलिओ गेला आणि ट्रंकेत तळाशी घातलं."

"रुतिलिओला लागली ती गोळी याच पिस्तुलातली का?"

"माहीत नाही. कोणाला विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही, बाई."

वकीलबाईंनी कागद पुढे केला. "पत्र द्या आणि इथं सही करा. सोमवारी मी न्यायला येते."

"देतो. येतोही. जज्जासमोर काय हवं ते विचारा." स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून ते पुढे वाकले. "पण एक अट आहे. माझ्या लेकीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. कळलं तर ती पुन्हा माझ्या पंगतीला बसायची नाही. या वयात मला दुसरं काय उरलंय?"

वकीलबाईंची नजर त्यांच्या मागे गेली. दारात आम्पारो उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती ओल्या हातांनीच पुढे आली आणि बापाच्या शेजारी बसली.

"करा सही, पापा," ती म्हणाली. "यांना मीच बोलावलंय. रुतिलिओ गेला त्या दिवशी पोलिसांनी याच वेलीचं पिस्तूल माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, हे तुमच्या नवऱ्याचं का? मी नाही म्हणाले. माझ्या बापाचं आहे, हे चार वर्षं रोज तुमच्या पंगतीला बसूनही मला सांगवलं नाही."