लागू नसेल ते खोडावे

श्रीनिवासनं हॉलमधला पंखा बंद केला, परत लावला आणि खुर्चीवर येऊन बसला. हातातली पानं त्यानं पुन्हा चाळली. सहा होती. पाच वाचायची, सहावं खिशात घालायचं. घरून निघतानाच त्यानं ठरवलं होतं.

"काका, मी वाचू का?" उल्कानं विचारलं. कोथरूडच्या त्या सोसायटीतलं महिला वाचक मंडळ तीच चालवायची. "तुम्ही नुसते बसलात तरी चालेल."

"नको. तिचं अक्षर तुम्हाला लागायचं नाही."

सुनीतीचं अक्षर मंडळाच्या फळ्यावर आठ वर्षं सगळ्यांनी वाचलं होतं.

सुनीतीला, त्याच्या बायकोला, जाऊन दीड महिना झाला होता. आजचं भाषण तिचं ठरलेलं होतं, जुन्या रशियन कादंबऱ्यांतल्या बायकांवर. नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या कागदांवर तिनं ते लिहून ठेवलं होतं. श्रीनिवासनं त्या कादंबऱ्यांतली एकही वाचलेली नव्हती. भाषण मात्र त्यानं सकाळपासून सात वेळा वाचलं होतं.

सतरंजीवर पंधरा-वीस बायका होत्या. सगळ्यांत पुढे सोजरबाई. सोसायटी जिच्या शेतावर उभी राहिली, ती. तिला वाचता येत नव्हतं. ती ऐकायला यायची.

तो उभा राहून वाचू लागला. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

सुनीतीनं लिहिलं होतं की या कादंबऱ्यांत बाईच्या हातात काही नसतं. सतराव्या वर्षी तिला चाळिशीतल्या अधिकाऱ्याला देऊन टाकतात. नवऱ्याला सोडणारीचं मूल काढून घेतात, आणि बायकोला सोडणाऱ्याला लोक जेवायला बोलावतात. जी सोसते तिला लेखक देवी करतो. जी सोसत नाही तिला शेवटच्या भागात मारून टाकतो.

"त्यासाठी रशियात कशाला जायचं," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या बी विंगमध्ये या."

बायका हसल्या. श्रीनिवास हसला नाही. पाचवं पान आलं होतं.

"'पण एक गोष्ट मला तिथे दिसली,'" त्यानं वाचलं. "'तिथे बाईला तिच्या नावानं आणि तिच्या वडिलांच्या नावानं हाक मारतात. नोकर तशी हाक मारतो, शेजारी तशी, भांडताना नवराही तशीच. लग्नानं आडनाव बदलतं. ही दोन नावं बदलत नाहीत. सगळं गमावलेली बाईसुद्धा ती दोन नावं घेऊन मरते.'"

त्यानं सहाव्या पानाची घडी घातली.

"संपलं."

"आजून एक पान हाय की," सोजरबाई म्हणाली.

"ते कच्चं आहे."

"कच्चं न्हाई. पापड लाटताना मला ऐकवलंय तिनं. सहा पानं झाली म्हनली."

या वेळी कुणी हसलं नाही. श्रीनिवास पंख्याच्या बटणापर्यंत गेला. बटणावर हात ठेवला, काढला. परत आला. घडी उलगडली आणि ऑफिसातलं परिपत्रक वाचावं तसं भरभर वाचून टाकलं.

"'लग्नाआधी मी वेणू. वडील दीनानाथ. लग्नात यांनी अंगठीनं तांदळात माझं नवं नाव लिहिलं, सुनीती. ते मी चौतीस वर्षं सांभाळलं. रेशनकार्डावर, पोस्टात, बँकेत. यांनी मात्र त्या नावानं मला एकदाही हाक मारली नाही. अगं म्हणतात. मग पहिलं नाव काढून घेतलं कशाला, एवढंच मला विचारायचं आहे.'"

"कशाला वो?" सोजरबाईनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

"पद्धत होती," तो म्हणाला.

ती अजून त्याच्याकडेच बघत होती.

"घरात आम्ही दोघंच," तो म्हणाला. "हाक मारली की तिलाच ऐकू जायची. नावाची गरज पडली नाही." मग म्हणाला, "परवा स्वयंपाकघराकडे तोंड करून अगं म्हणालो. रिकाम्या खोलीलासुद्धा ते चालतं."

सोजरबाईनं मान खाली घातली. मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

उल्का पुढे आली. "काका, भाषणाखाली त्यांचं नाव नाहीये. लिहून देता? मंडळाच्या फायलीला लावून ठेवते."

त्यानं पेन काढलं. पानाच्या तळाशी जागा उरली नव्हती, म्हणून त्यानं कागद उलटा केला. मागे अर्ज तसाच कोरा होता. अर्जदाराचे नाव. त्याखाली, वडिलांचे / पतीचे नाव. हाच अर्ज त्यानं तीस वर्षं खिडकीतून आत घेतला होता. समोर बाई अडखळली की मान वर न करता सांगायचा, "पतीचं लिहा."

पहिल्या ओळीवर त्यानं लिहिलं, वेणू.

दुसऱ्या ओळीवर, दीनानाथ.

मग त्याचं बोट खालच्या बारीक छापलेल्या सूचनेवरून गेलं, आणि 'पतीचे' या शब्दावर त्यानं एक रेघ मारली. ती वाकडी गेली. त्यानं कागद सरळ धरला आणि दुसरी नीट मारली.