श्यामकांतांचा त्याग

श्यामकांतांच्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन टरारून सुजला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टर म्हणाले, "हा गाउट. मटण-कलेजी बंद करा, नाहीतर पुन्हा असेच कळवळाल."

त्याच आठवड्यात गिरगावातल्या सभेत श्यामकांत लंगडत माईकपाशी गेले. "मुंबईसह महाराष्ट्र होईपर्यंत माझ्या घरात मटण-मासळी शिजणार नाही," त्यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. बायकांच्या रांगेत बसलेल्या दुर्गाबाईंनी मान खाली घातली. अंगठा एकट्या नवऱ्याचा, आणि पथ्य सगळ्या घराला. पुढची चार वर्षं हा माणूस गळ्यात हार घालून त्यागमूर्ती म्हणून मिरवला, आणि दुर्गाबाई शेजारणीच्या कालवणाच्या वासावर वरणभात गिळत राहिल्या.

महाराष्ट्र झाला, तेव्हा चाळीने गच्चीवर पंगत मांडली. शेजारच्या गणपतने कौतुकाने रांधलेली कलेजी पहिल्यांदा श्यामकांतांच्याच ताटात वाढली. व्रत सुटताना बघायला सगळी चाळ भोवती जमली. श्यामकांतांना दरदरून घाम फुटला. "आता सवय राहिली नाही रे," असं पुटपुटत त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती, तरी सुटले असते.

दुर्गाबाईंनी शांतपणे गणपतच्या हातातला डाव घेतला.



"लाजतायत ते," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याचं ताट काठोकाठ भरलं. "चार वर्षं देशासाठी उपाशी राहिलेत. संपवल्याशिवाय उठू देऊ नका."