शिट्टीचा फोन

“पुन्हा शिट्टी,” म्हणत ध्वनियंत्रावर बसलेल्या रत्नाकरने फोन कापला. पलीकडून कोणी एक शब्द बोललं नव्हतं. नुसती कानात घुसणारी किर्र शिट्टी आली. प्रसारणात ती जेमतेम उमटली, तोवर त्याने खटका पाडला होता.

शरयूने माइकसमोर नेहमीचं वाक्य म्हटलं, “फोन लागला की घरचा रेडिओ बंद करा आणि मग बोला.” हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकली असती.

काचेपलीकडे विनयजी उभे होते. हिंदी मुलखातल्या या शहरात, सिविल लाइंसमधलं हे छोटं रेडिओ केंद्र ते चालवत. हिंदी गप्पांना फोनची रांग लागायची. रविवारच्या मराठी कार्यक्रमात मात्र कोणी बोलत नसे. आज सकाळीच त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “शरयूजी, आज एक भी आदमी बोल दे, तो प्रोग्राम चलेगा. नहीं तो बंद. मैं भी किस-किस को जवाब दूँ?”

म्हणून शरयूने विषय मुद्दाम भांडणाचा निवडला होता. गणेशोत्सवातलं नाटक यंदा मराठीत करायचं की हिंदीत? समोर घमापुर मोहल्ल्यातल्या बेबीताई बसल्या होत्या. मंडळाचं नाटक त्याच बसवत, आणि यंदा त्यांना मराठी बोलणारं पोरगं मिळत नव्हतं.

“पोरांना मराठी येतच नाही का, बेबीताई?”

“येते ना! सगळी समजते. आमची पोरगी शकु रोज भांडते माझ्यासंग. मी मराठीत, ते हिंदीत. भांडण एकदम बराबर होते!” बेबीताई हसल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “पण चार लोकांत बोल म्हटलं का तोंड शिवल्यावानी करते. ‘लोग हँसेंगे’ म्हणते.”

फोनचा दिवा लागला. “नमस्कार, बोला,” शरयू म्हणाली. शांतता. मग शिट्टी. रत्नाकरचा हात खटक्याकडे गेला.

“थांब!”

शरयू भौतिकशास्त्र शिकलेली. ही शिट्टी कशी होते, हे तिने केंद्रातल्या प्रत्येक नवशिक्याला समजावलं होतं. फोनजवळचा आवाज केंद्रात येतो, इथून प्रसारित होतो, त्याच घरातल्या रेडिओतून बाहेर पडतो आणि पुन्हा फोनमध्ये शिरतो. चकरा मारत वाढतो आणि किंचाळतो. हा दोष टाळायचा कसा, एवढंच ती शिकवत आली होती. तो दोष काय सांगतो, याचा विचार तिने कधी केला नव्हता. शिट्टी वाजायला त्या घरात रेडिओ सुरू असावा लागतो. आणि तो याच केंद्रावर लागलेला असावा लागतो. आत्ता, मराठी चालू असताना.

“आवाज बारीक ठेव, पण कापू नको,” तिने रत्नाकरला सांगितलं आणि माइककडे वळली. “तुम्ही ऐकताय, हे मला कळलं. बोलू नका. बेबीताईंचं नाटक मराठीत हवं असेल तर रेडिओ फोनच्या जवळ आणा. हिंदीत हवं असेल तर लांब न्या.”

शिट्टी क्षणभर डगमगली. मग चढतच गेली. बेबीताईंनी कानांवर हात ठेवले. “अगं माय! कोन चिल्लावून राहिलं हे?”

“मत देऊन राहिलंय कोणीतरी,” शरयू म्हणाली. इतके दिवस माइकसमोर तिने घरची बोली कधी येऊ दिली नव्हती.

तो फोन ठेवला तसा दुसरा लागला. मग तिसरा. कोणाची शिट्टी झटकन चढली, कोणाची रेंगाळत. एक मात्र हळूहळू विरत गेली.

“हा हिंदीवाला,” बेबीताई म्हणाल्या. “राहू दे. ऐकते तर खरा!”

“अन् आपण यांना कापून राहिलो होतो,” रत्नाकर पुटपुटला.

काचेवर टकटक झाली. विनयजींनी बोटं ओठांपाशी नेऊन उघडझाप केली. कोणी बोललं का?

शरयूने नकारार्थी मान हलवली. वेळ संपत आला होता. शेवटचा दिवा लागला. शिट्टी आली, चढली आणि मध्येच तुटली.

“गेला,” रत्नाकर म्हणाला.

शरयूने बोट दाखवलं. दिवा तसाच लागलेला होता. फोन चालू होता. बंद झाला होता तो त्या घरातला रेडिओ.

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. आधी नुसता श्वास ऐकू आला.

“दीदी,” एक मुलगी अडखळत म्हणाली, “मला मराठी थोडी थोडी येते. नाटकात घेता काय?”