शनिवारसाठी राखलेला गुडघा

नाल्वोगा आत्याने शनिवारसाठी आपला दुखरा गुडघा राखून ठेवला होता. शनिवारी भाचीला मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार होती. त्यांच्या रीतीप्रमाणे मांडवात मुलीच्या वतीने आत्या बोलते, आणि बोलते ती गुडघे टेकून. दोन महिने ती जागची हलली नाही. पाणी भाची आणायची, स्वयंपाकाची केळी शेजारीण सोलायची. आज गुडघा वाकेचना, तेव्हा भाचीने तिला भाड्याच्या मोटरसायकलवर बसवून मसाका गावच्या दवाखान्यात आणलं.

व्यायाम शिकवणारी नब्बोसा जमिनीवर बसून तो गुडघा हळूहळू वाकवत होती. आत करकर वाजलं. आत्या म्हणाली, एक सुई टोच, शनिवार निघाला की झालं. सुईचा भरवसा नाही, असं सांगून नब्बोसाने एक्स-रे उजेडापुढे धरला. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर झिजलं होतं. एका बाजूला दोन हाडांमधली फट जवळजवळ मिटली होती.

“वापरून झिजलं,” आत्या म्हणाली. “म्हणूनच तर वापरणं थांबवलं.”

नब्बोसाने घमेल्यातल्या पाण्यात स्पंज बुडवून दाबला आणि सोडला. त्या अस्तरात रक्ताची एकही नस नसते, ती म्हणाली. पाऊल टेकलं की ते दाबलं जातं, उचललं की सुटतं, आणि सांध्यातल्या पाण्यातून आपलं अन्न शोषून घेतं.

आत्याने स्पंज मागून घेतला. दाबला, सोडला. पुन्हा दाबला.

“म्हणजे मी याला दोन महिने उपाशी ठेवलं?”

“हो, मावशी.”

“आणि त्याआधी? विहिरीवर जात होते, बाजारात जात होते, तेव्हा?”

“तेव्हा तुम्हीच भरवत होतात.”

आत्याने स्पंज खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात ठेवला. “आणि मला पत्ता नाही,” ती हळूच म्हणाली.

रोज थोडं थोडं चालायचं, नब्बोसाने बजावलं. शनिवारी मात्र गुडघे टेकायचे नाहीत. लोक म्हणतील, आत्या माजली, असं आत्या पुटपुटली.

“म्हणू देत,” भाची म्हणाली. “गुडघे टेकून बोलायला धाकटी आत्या आहे, पण तिला दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत. तूच बोल, उभ्याने.”

आत्या टेबलाला धरून उठली. भाची आधार द्यायला पुढे झाली, तिला तिने हातानेच थांबवलं. एक पाऊल टाकलं आणि उभी राहिली, अंगावरचं बाळ दूध ओढतंय का याची चाहूल घ्यावी तशी. मग दुसरं टाकलं.