उलट्या बाजूला तेवढंच

"करंट शून्य झाला, काका. आता परत चालू कशाला करताय?" प्रयोगशाळेत केतकी मॅडमनी विचारलं.

टेक्निशियन नागवेकरांना बोलायचाही कंटाळा आला होता. सकाळच्या बैठकीत मॅडमनी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ठपका ठेवला होता, की चुंबक नीट न हाताळल्यामुळे महिन्याची मोजणी फुकट गेली. दुपारी नोंदवही चाळल्यावर मॅडमना कळलं, की घाईघाईने करंट बंद करून लगेच मोजायला त्या स्वतःच बसल्या होत्या. मग जिन्यात गाठून त्या नागवेकरांना हळूच "सॉरी" म्हणाल्या होत्या.

नागवेकरांनी दोऱ्याला बांधलेली टाचणी त्या कपाटाएवढ्या विद्युतचुंबकाजवळ धरली. करंट नसूनही ती तिकडे ओढली गेली.

"लोखंडात थोडं चुंबकत्व उरतंच, मॅडम. नुसतं शून्यावर आणून भागत नाही. करंट जेवढा या बाजूला नेला, तेवढाच उलट्या बाजूला न्यावा लागतो. मग कमी कमी करत इकडे, तिकडे."

त्यांनी पॉवर सप्लायला आकडे दिले. करंट सावकाश शून्य ओलांडून उणे झाला, मग परत फिरला. तासभर दोघंही स्क्रीनकडे बघत बसली. शेवटी पुन्हा धरलेली टाचणी ओळंब्यासारखी सरळ लोंबली. नागवेकरांनी जड हाताने डब्याची पिशवी उचलली.

"काका, उद्याच्या बैठकीला सगळे असतील ना?"

"असतात."

"मग चूक माझी होती, ते तिथेच सांगते. सगळ्यांदेखत."

नागवेकर दारात थांबले. मग पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी थर्मासमधला राहिलेला चहा दोन कपांत ओतला.