रेघेच्या अलीकडे

लतिका सिस्टरनं सोमवारी दोन गोष्टी बजावल्या होत्या. फोड सुकेपर्यंत बाळाला आजीजवळ द्यायचं नाही, ही एक. दुसरी अशी, की नागीण कपाळावर उठलीय तर आजच डॉक्टरांना दाखवा, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर घटकाभरही थांबू नका, डोळ्यावर बेततं. पूर्णिमानं पहिली गोष्ट जिवापाड पाळली. आठ महिन्यांच्या ऋतिकाला तिनं तीन दिवस आजी असायची त्या पुढच्या सोप्यात रांगू दिलं नाही. दुसरी ऐकली आणि सोडून दिली. नागीण कपाळावर, त्यात नाकाचं काय?

गुरुवारी सकाळी ती सासूला चहा द्यायला सोप्यात आली. मालुबाई उजेडाकडं पाठ करून बसली होती. उजव्या भुवईपासून केसांपर्यंत गावात नागीण उतरवणाऱ्या भरमू आप्पांनी फासलेली तांबडी काव, आणि कपाळाच्या मधोमध ओढलेली एक जाड रेघ. नागिणीनं ही रेघ ओलांडली, तोंड शेपटीला मिळालं, की माणूस संपला. म्हणून तीन दिवस सगळी गल्ली रेघच बघत होती. येणारा वाकून बघायचा, अलीकडंच हाय म्हणायचा आणि निर्धास्त होऊन जायचा. पूर्णिमाही तेवढंच बघत आली होती.

आज कप पुढं करताना तिला नाकावरून ओघळून सुकलेली काव दिसली. त्या ओघळाच्या टोकाला, बरोबर नाकाच्या शेंड्यावर, मोहरीएवढा फोड होता.

तिनं कप खाली ठेवला.

बेळगावची बस साडेनऊला देवळापाशी वळते. ती गेली की तीनपर्यंत काही नाही. पूर्णिमानं नवऱ्याला, युवराजला, फोन करून कारखान्यातून सुट्टी टाकायला आणि बेळगावच्या बसस्टँडवर थांबायला सांगितलं. ऋतिकाला शेजारच्या राजाबाईच्या मांडीवर दिलं. जन्मल्यापासून पोरीला तिनं घटकाभरही कुणाकडं सोडलं नव्हतं. आज देताना मागं वळून बघितलं नाही. उकळून गार केलेलं पाणी आणि धुतलेलं फडकं घेऊन ती सासूपुढं बसली.

मालुबाईनं तिचं मनगट धरलं.

"सात दिस पानी लावायचं न्हाय, पूर्णिमे. नागीण वळंल."

"वळू द्या, आत्ती. डोळं मिटा."

पहिल्या फडक्याला रेघ गेली. मालुबाईनं मनगट सोडलं नाही, पण फडकं बाजूलाही सारलं नाही.

रोजच्यासारखी नवी काव घालायला भरमू आप्पा वाटी घेऊन आले ते दारातच थबकले. कालेजात हे बी शिकवत्यात व्हय, असं म्हणाले. तीन दिवसांची मेहनत सुनेनं पाण्यात घातली, उद्या काही झालं तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय, असंही म्हणाले. पूर्णिमा पुसत राहिली. सगळी काव निघाली तेव्हा खालची पापणी, वरची पापणी, दोन्ही कच्च्या वांग्यासारख्या सुजून जांभळ्या झालेल्या दिसल्या.

तिनं सासूचा डावा डोळा आपल्या तळव्यानं झाकला.

"आत्ती, दारात कोण हाय, सांगा बघू."

मालुबाईनं उजवी पापणी कशीबशी उचलली. डोळ्यातून पाण्याची धार लागली.

"बाप्या हाय कोन तरी," ती म्हणाली. मग जरा थांबली. "कोन त्ये कळंना. काव गेली आसंल डोळ्यात."

तिच्या तोंडावर आता कावेचा कणही नव्हता. आणि दारातला माणूस चाळीस वर्षं शेजारी राहिलेला होता.

पूर्णिमानं मान वर करून आप्पांकडं बघितलं. त्यांचा डावा डोळा पांढरा होता, दह्याच्या कवडीसारखा. ती लग्न होऊन आल्यापासून तो तसाच बघत आली होती.

"आप्पा, तुमचा ह्यो डोळा कशानं गेला?"

"ह्याच नागिणीनं. तीस वर्सं झाली." आप्पांची मान ताठ झाली. "पर रेघ वलांडू दिली न्हाय तिला."

हे वाक्य त्यांनी दारोदारी सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यानं दरवेळी मान डोलावली होती. आज कुणी डोलावली नाही. आप्पा मालुबाईच्या डोळ्याकडं बघत राहिले. मग वाकून त्यांनी वाटीतली काव पायरीशी ओतली आणि लगबगीनं निघून गेले.

सासूला धरून पूर्णिमा देवळापाशी पोचली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. बस उभी होती. ड्रायव्हर कन्नडमधून शिव्या घालत होता आणि बसच्या तोंडाशी भरमू आप्पा दोन्ही हात पसरून उभे होते.

मालुबाई खिडकीपाशी बसली, पदर डोळ्यावर घेऊन. बस हलली तशी आप्पा खिडकीला हात लावून चार पावलं चालत आले.

"पूर्णिमे, जांबोटीच्या मनुबाईला मंगळवारी रेघ काढून दिलीया. कपाळावरच हाय. ती बी म्हनत हुती, काव डोळ्यात गेली."

पूर्णिमानं तिच्याही ओळखीच्या मनुबाईचा नंबर लावला. लागला नाही. त्यांच्या वाडीत रेंज नसते. तिनं एका हातानं सासूचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं गावाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं.

'आज जांबोटीकडं जे कोणी जाणार असाल, त्यांनी देवराईच्या खालच्या अंगाला मनुबाईंचं घर आहे, तिथं जरा वाट वाकडी करून जावं. कपाळावरची रेघ बघू नका. त्यांना अंगणात उजेडाला आणा. नाकाच्या शेंड्यावर फोड आहे का बघा. मग त्यांचा चांगला डोळा झाकून समोर उभे राहा आणि विचारा, मी कोण?'