आधी नळी, मग हात

विद्या गुरू देतो. परंतु ती हातात मुरावी म्हणून घरातल्या कुणाला तरी आपला देह पुढे करावा लागतो.

पोट तपासताना आधी स्टेथोस्कोपच्या नळीने ऐकावे, मगच दाबावे, हा क्रम परिचारिका सून घरी सासूबाईंवर सराव करताना नेहमी विसरे. “अगं, मी काय कणीक आहे?” सासूबाई कुरकुरत.

उच्च परिचर्येच्या अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेत रुग्ण म्हणूनही त्याच निजल्या. सुनेचा हात सरळ पोटाकडे निघाला, तोच त्यांनी दोन्ही हातांनी पोट झाकले. “गुदगुल्या होतात बाई!” सुनेला क्रम आठवला, तिने आधी नळी लावली.

परीक्षक बाई गुण देऊन हळूच सासूबाईंच्या कानाशी वाकल्या.

“माझ्या परीक्षेत आमचे मामंजी असेच मुद्दाम खोकले होते.”

अशी सोंगाडी माणसे प्रत्येक विद्यार्थिनीस लाभोत.